ब्लँकमध्ये पाणी

ताईच्या अंगठ्यात कात्री अडकली तो सोमवार होता.

ताईचे शिवणकामाचे दुकान होते. यंत्रांवर तिघीजणी बसत, पण कापडावर खडूची रेघ ओढून त्यात कात्री घालण्याचा अधिकार एकट्या ताईचा. सव्वीस वर्षे तीच एक काळी, जड कात्री, आणि तिच्या कड्यात ताईचा अंगठा माहेरी आलेल्या लेकीसारखा बिनदिक्कत जाई-येई. त्या दिवशी तो आत गेला आणि बाहेर येईना. भावजींनी साबण लावला, तेल लावले, नुसती फुंकरसुद्धा घालून पाहिली, आणि शेवटी धाकट्या मेहुणीला फोन केला.

"मुंगे, तुझ्या ताईला कात्रीनं धरलंय," ते म्हणाले. "इतकी वर्षं उलटं होतं."

मुंगी हे काही खरे नाव नव्हे. लहानपणी घरात साखर कुठेही लपवली तरी हिला ती बरोबर सापडे, म्हणून ताईने ते ठेवले होते; आणि पुढे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात जगण्याचा धंदा पत्करून हिने ते सार्थ केले. एका संशोधन संस्थेच्या पेशी-प्रयोगशाळेत ती मोजणी करी. तिथे पेशी वाढवणारे वेगळे, त्यांच्यावर भाषणे देणारे वेगळे. कशात काय किती आहे, हे सांगणारी ही एकटी.

ती दुकानात पोहोचली तेव्हा ताई अंगात दोन स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. यंत्रावरच्या तिघी घाम पुसत होत्या. मुंगीने जाड दोरा घेतला, नखापासून वरपर्यंत अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळत नेला, आणि दाबल्या गेलेल्या मांसावरून कडे हलके हलके सोडवले. अंगठा फरशीसारखा थंड होता.

"दुखलं का गं?"

ताईने प्रश्न ऐकला. तो ऐकलेला तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग उत्तर यायला लागलेला वेळ मुंगीने सवयीने मोजला. चार सेकंद.

"नाही," ताई म्हणाली. आवाज ओल्या गोणपाटातून आल्यासारखा जाड झाला होता. "सूज आहे. म्हणजे... आत काम चाललंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

भावजी मुंगीला सोडायला पायरीपर्यंत आले. हा माणूस आयुष्यभर बायकोची बोलणी खात आला होता आणि त्यांवरच पोसला होता.

"ती भांडत नाही," ते हळूच म्हणाले.

"चांगलं आहे की मग."

"थट्टा नको. काल मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. मुद्दाम, बरं का. ती आली, बघितलं, आणि त्याच्याच शेजारी आडवी झाली. एकतीस वर्षांत असं झालं नाही." त्यांनी आतल्या दिशेने पाहिले. "घरात एवढी शांतता बरी नव्हे, मुंगे. काहीतरी विझतंय."

काय विझत होते, हे मुंगीला भावजींपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे होते. चार वर्षांपूर्वी ताईच्या गळ्यात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर सगळी थायरॉईड ग्रंथी काढावी लागली. शरीराची चूल मंद पेटावी की भडकावी, हे ठरवणारी ही दोन पाकळ्यांची ग्रंथी. ती गेली, की तिने बनवायचे तेच हार्मोन रोज सकाळी गोळीतून घ्यायचे. ताई ते घेत होती. चार वर्षे काही बिघडले नव्हते. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, कारण पुढे कुणाच्याही अहवालात ते आढळणार नाही: काहीही बिघडले नव्हते.

परंतु धडधाकट माणसाला आणखी बरे करण्याची महत्त्वाकांक्षा ज्यांना असते, त्यांच्या हाती संस्था असतात. या संस्थेच्या प्रमुखांना पाठीमागे सगळे 'महर्षी' म्हणत. दाढी नव्हती, तपश्चर्याही नव्हती. शाप देण्याची शक्ती तेवढी होती. महर्षींचा संकल्प असा, की प्रौढ माणसाच्या पोटाच्या चरबीतून मूळपेशी काढायच्या, म्हणजे ज्यांनी अजून आपला व्यवसाय ठरवलेला नाही अशा पेशी. त्यांना योग्य त्या क्रमाने योग्य ती रसायने पाजायची, आणि थायरॉईडच्या पेशी व्हायला भाग पाडायचे. मग त्या त्याच माणसाच्या हातात, कोपराखाली, स्नायूत नेऊन ठेवायच्या. गोळी कायमची सुटली. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पनांमागे एवढी वर्षे कुणी जात नाही.

पाच वर्षे पेशी काहीच करीनात. त्या फुगत, पसरत, मरत, आणि मुंगीच्या यंत्रावर हार्मोनचा आकडा शून्य येई. मग दीड वर्षापूर्वी एका आठवड्यात आकडा उठला. पेशींच्या बारा डिश, बाराही जाग्या. महर्षींनी मुंगीला सगळ्यांदेखत उभे केले. "या बाईंनी शून्य मोजण्यात पाच वर्षं घालवली," ते म्हणाले, "आता यांना मोजायला काहीतरी मिळालंय." ताईने हे ऐकले, आणि पहिला माणूस म्हणून आपले नाव स्वतः होऊन दिले. मुंगीने तिला सुचवले नव्हते. अडवलेही नव्हते.

पेशी ताईच्या डाव्या हातात जाऊन तीन महिने झाले होते, आणि गोळी बंद होऊन पाच आठवडे. गोळी बंद करण्यामागे शास्त्र होते. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. रक्तात थायरॉईडचे हार्मोन कमी पडले, की ती थायरॉईडला हाक मारते. त्या हाकेचेही रक्तात मोजमाप होते, आणि त्याला टीएसएच म्हणतात. गोळी चालू असेल तर हाक मारायचे कारणच उरत नाही, आणि हाक नसेल तर हातातल्या नव्या पेशी उठणार कशा? म्हणून आधी गोळी बंद. ताईच्या हाकेचा आकडा चारावरून एकसष्टवर गेला, आणि त्या सोमवारी दुपारी मुंगीने पाहिला तेव्हा तो एकशे बारा होता.

"उत्तम," संस्थेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर जोरात हाक मारतंय."

"उत्तर येत नाहीये," मुंगी म्हणाली. रक्तात प्रत्यक्ष हार्मोन नावापुरते होते.

"येईल. झोपलेल्याला उठवायला वेळ लागतो."

रिकाम्या घराच्या दारावरही माणूस आधी हळू आणि मग जोरात थापा मारतो, असे मुंगीच्या मनात आले. तिने आपल्या जुन्या वह्या काढल्या.

इथे तिच्या कामाची रीत सांगणे भाग आहे. मोजणीच्या यंत्रात शहाण्णव छोट्या वाट्यांची एक पट्टी सरकवतात. पहिल्या वाटीला ब्लँक म्हणतात. तिच्यात जे असेल त्याला यंत्र शून्य समजते आणि बाकीच्या सगळ्यांतून वजा करते. यंत्राच्या अंगावर महर्षींच्या स्वतःच्या अक्षरातला, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद चिकटवलेला होता: 'ब्लँक – पाणी'. मुंगी साडेसहा वर्षे पहिल्या वाटीत शुद्ध पाणी भरत आली होती. पाण्यात काही नसते, आणि शून्य म्हणजे काही नसणे. यात शंका घेण्यासारखे काय आहे, असे वाटावे इतके ते स्वच्छ होते.

आकडा उठला त्या आठवड्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात, तिच्याच अक्षरात, एक ओळ होती: 'धुतलेले सीरम आले नाही. साधे उघडले. सरांना विचारले. चालेल म्हणाले.'

ती ओळ तिने तीनदा वाचली. मग ती खाली भांडारात गेली.

भांडारी खोकी मोजत होता. "काय बाई, आज पाताळात?"

"दीड वर्षापूर्वी धुतलेलं सीरम उशिरा आलं होतं. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? बंदरावर अडकलं होतं. तुमच्या लोकांनी माझं डोकं खाल्लं. मग आलं तर कुणी ढुंकून बघेना." त्याने अंगठ्याने मागच्या फडताळाकडे दाखवले. "दोन खोकी तिथंच थंडीत बसलीयत. साहेबांनी चिठ्ठी पाठवली, आता चालू आहे तेच चालू द्या. मी म्हटलं बरंय. आम्ही कोण, शहाण्यांनी मागावं आणि आम्ही द्यावं."

"दोन्हींत फरक काय, माहीत आहे?"

"काळं झाकण आणि निळं झाकण," भांडारी म्हणाला. "त्याच्या पलीकडचं विचारायला पगार कुठं मिळतो?"

पलीकडचे असे होते. पेशींना जगायला जे पाणी लागते त्याला मीडियम म्हणतात, आणि त्यात वासरांच्या रक्तातला निवळ भाग, म्हणजे सीरम, मिसळतात. वासरालाही थायरॉईड असते, त्यामुळे त्याच्या सीरममध्ये त्याचे हार्मोन आयतेच असते. ते कोळशातून गाळून काढून टाकले, की काळ्या झाकणाचे धुतलेले सीरम होते. धुतलेले होते तोवर ब्लँकमधल्या पाण्याने काही बिघडत नव्हते. मीडियममध्येही हार्मोन नाही, पाण्यातही नाही. साधे आले, त्या दिवसापासून प्रत्येक डिशमध्ये वासराचे हार्मोन होते, आणि ते वजा करायला पहिल्या वाटीत कुणी नव्हते. काखेत कळसा, गावाला वळसा. इथे कळसा काखेत नव्हता, साडेसहा वर्षे तिच्या हातातल्या नळीत होता.

अर्थात ही शंका झाली. शंकेला मुंगी आकडा म्हणत नसे. तिने चार डिश पेशींच्या घेतल्या, आणि चार डिशमध्ये नुसते मीडियम ओतले, एकही पेशी नाही. आठही डिश एकाच इन्क्युबेटरमध्ये, एकाच फळीवर, तीन दिवस ठेवल्या. गुरुवारी तिने ब्लँकमध्ये धुतलेल्या सीरमचे मीडियम भरले आणि पट्टी यंत्रात सरकवली.

रिकाम्या डिशमध्ये हार्मोन होते. पेशींच्या डिशइतकेच होते; खरे म्हणजे किंचित जास्त. तिने पुन्हा मोजले. किंचित जास्तच. पेशींनी हार्मोन बनवले नव्हते. थोडेसे खाल्ले होते.

मुंगी खुर्चीत बसली. आठही आकडे तिने एका कागदावर उतरवले. मग कागद घेऊन वर गेली.

महर्षींनी कागद वाचला. ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर ही गोष्ट पुष्कळ सौम्य झाली असती. त्यांना पहिल्याच ओळीला समजले, आणि समजल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

"सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गोल पिशव्या दिसतात की नाही? थायरॉईडमध्ये असतात तशा?"

"दिसतात, सर."

"थायरॉईडची प्रथिनं चमकतात?"

"चमकतात."

"मग?"

"पोशाख चढलाय, सर. कामावर कुणी गेलेलं नाही."

ते हसले. त्यांना चांगले वाक्य आवडे. "बाई, डिश म्हणजे शरीर नव्हे. डिशमध्ये जे झालं नाही ते शरीरात होईल. हाक तिथे आहे, रक्त तिथे आहे. आपण सहा आठवडे थांबू."

"माझ्या बहिणीला गोळी चालू करू दे. मग थांबू."

"गोळी चालू केली तर काय बघणार आपण? त्यांनी सही केलीय. समजून केलीय." त्यांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवला, आणि खण हळूच लोटला. "तुमच्याच आकड्यावर केलीय."

त्यांनी हे चढ्या आवाजात म्हटले असते तर तिला भांडता आले असते. ती थेट ताईकडे गेली. दुकान उघडे होते, पण कात्री टेबलावर तशीच पडली होती; ताई खुर्चीत. मुंगी तिच्या पायांशी बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"ताई, माझा आकडा चुकला. पेशी काही करत नाहीत. गोळी आजपासून घे."

ताई तिच्याकडे पाहत राहिली. पापण्या सुजलेल्या, त्यांखाली नजर कुठूनतरी दुरून येत होती.

"तुझा आकडा... चुकत नाही."

"चुकला गं."

"मी शब्द दिलाय. आठजण थांबलेत माझ्या मागे. त्यांच्याही हातात... घातल्यात." बराच वेळ गेला. "माझ्या बहिणीनं केलेल्या आहेत. मी गिऱ्हाइकांना सांगते. मुंगीनं केलेल्या." आणि पुढचे वाक्य ओठांवर असतानाच ती झोपली. मुंगीने तिचे मनगट धरले. नाडी मिनिटाला सेहेचाळीस.

एखाद्याच्या हितासाठी त्याला फसवावे काय, यावर शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यातल्या एकानेही हातात सेहेचाळीसची नाडी धरून लिहिलेले नाही. ताई उठल्याबरोबर पेलाभर कोमट पाणी पिई, कित्येक वर्षांची सवय. उपाशीपोटी, नुसते पाणी. गोळीला याहून चांगली जागा नव्हती.

"चुरून पाण्यात टाकायची," मुंगीने भावजींना सांगितले. "आधी पाव. दहा दिवसांनी अर्धी. एकदम पूर्ण दिली तर हृदयाला झेपणार नाही. ढवळून द्यायचं, आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली का ते बघायचं."

"तिला कळलं तर मला कापेल."

"कापू दे. कापण्याइतकी ताकद आली तर मी पेढ्याचा घास तुमच्या तोंडात घालीन."

"घास तू घालशील, पण तोंड असलं पाहिजे ना मानेवर," भावजी म्हणाले, आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

पाचव्या आठवड्यात मुंगीला कामावर फोन आला. भावजी ओरडतच होते. "बोलली! टॉवेलवरून बोलली! माझ्या आईपासून सुरुवात केली, मुंगे, थेट आईपासून!" पाठीमागे कात्रीचा आवाज येत होता, लांब, सलग, घाई नसलेला आणि न थांबणारा. मुंगीने फोन खाली ठेवला आणि प्रयोगशाळेच्या मोरीपाशी उभी राहून ती रडली.

ताईच्या रक्ताचे नमुने दर आठवड्याला संस्थेत येतच होते. हार्मोन वर चढले. हाक एकशे बारावरून चौसष्ट, मग एकोणीस, मग सहा. हे असेच होणार, हे मुंगीला पहिल्या चिमटीपासून माहीत होते. ताई पुरती सावध झाली की आपण सांगू, असे तिने स्वतःला बजावले होते, कारण आधी सांगितले असते तर ताईने पेला जमिनीवर ओतला असता. मग ताई सावध झाली, आणि ती इतकी आनंदात होती, की एक दिवस गेला, दुसरा गेला. आकड्यांशी प्रामाणिक असणारी माणसे दिवसांच्या बाबतीत अशी ढिली असतात. सातव्या आठवड्याच्या शेवटी महर्षींच्या दालनाबाहेर ताईच्या रक्ताचा आलेख मोठा करून भिंतीवर लावलेला तिला दिसला. रेघ खालून वर गेली होती. तिने तो आलेख ओळखला. तो तिच्याच बारा डिशचा होता. पुन्हा एकदा बाटलीतले हार्मोन पेशींच्या नावावर लागले होते. फक्त या वेळी डिश म्हणजे ताई होती, आणि वासराच्या जागी भावजींचा पेला.

ती दार न वाजवता आत गेली.

"तो आलेख गोळीचा आहे, सर. मी दिली. सात आठवडे, पाण्यातून."

महर्षी लिहीत होते. त्यांनी वाक्य पुरे केले, पेनाचे टोपण लावले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या मेहुण्यांना."

"तुमच्या बहिणीला?"

"नाही."

ते उठून खिडकीशी गेले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ प्रेमळ होता. "चालू ठेवा."

"काय?"

"त्यांची गोळी. बाईंची प्रकृती बिघडावी अशी माझी कधीच इच्छा नव्हती. चालू ठेवा, आणि हे बोलणं आपण दोघांनी विसरावं."

"आणि ते आठजण? आज त्यांच्या गोळ्या बंद करताय तुम्ही."

"त्यांच्या बाबतीत जे खरं असेल ते दिसेल. स्वच्छ दिसेल." ते वळले. "त्यांच्या घरी काही तुम्ही नाही आहात."

मुंगीने आजवर पुष्कळ गोष्टी वाचल्या होत्या, पण इतक्या थोडक्या शब्दांत माणसाला मारण्याची योजना तिने कुठे पाहिली नव्हती. ती बाहेर आली.

बाहेर ओसरीसारख्या लांब जागेत खुर्च्यांच्या रांगेत आठजण बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी, कारण उरलेल्या गोळ्या जमा करायच्या होत्या. दाराशी कारकून यादी घेऊन उभा होता. पहिल्या खुर्चीत एक बस चालवणारी बाई होती, गणवेशातच आलेली. तिच्या शेजारी निवृत्त गणित शिक्षक, मग एक न्हावी, पुढे बाकीचे.

"गोळ्या देऊ नका," मुंगी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "त्या पेशी काही करत नाहीत. गोळ्या घरी न्या आणि घ्या."

"तुम्ही कोण?" बसवाली बाई म्हणाली.

"मी मोजते. इथेच."

"पण पहिल्या बाईंना गुण आला ना? भिंतीवर लावलंय."

"ती माझी बहीण. तिला गोळीनं गुण आला. मी तिला न सांगता दिली."

आठही चेहरे तिच्याकडे वळले, आणि त्यांवर हळूहळू जे आले ते भय नव्हते. न्हाव्याने पाय लांब केले. "वा! स्वतःच्या बहिणीचं भलं करून घेतलं, आता आमची पाळी आली तर म्हणे पेशी काही करत नाहीत. आपला तो बाब्या."

"तसं नाही हो..."

"बाई, तुम्ही न सांगता गोळी दिली म्हणता," गणित शिक्षक सावकाश म्हणाले. "म्हणजे एकदा तुम्ही खोटं वागलात, हे तुम्हीच सांगता. मग आता तुमचं कोणतं विधान आम्ही खरं धरायचं?"

मांडणी निर्दोष होती. कारकुनाने पहिले नाव पुकारले. बसवाली बाई थोडी घुटमळली, मग उठून आत गेली. दुसरी एक गेली. मग न्हावी. तिघेही रिकाम्या हाताने बाहेर आले, आणि न्हावी जाताना शीळ घालत होता.

मुंगीने ताईला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. कात्री चालू होती.

"मुंगे, पटकन बोल, समोर गिऱ्हाईक उभं आहे."

मुंगीने सांगितले. पेला, चिमूट, सात आठवडे, आलेख. सांगून झाले तेव्हा कात्री थांबलेली होती. चार सेकंद गेले, आठ गेले. या वेळी तो आजार नव्हता.

"रोज?" ताईने विचारले.

"रोज."

"आणि हे ढवळत होते. माझ्यासमोर." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "किती जण आहेत तिथे?"

"पाच उरलेत. तीन गेले."

"येते," ताई म्हणाली.

कारकुनाने चौथे नाव पुकारले तेव्हा गणित शिक्षक म्हणाले, "थोडं थांबू. एक प्रमाण यायचं आहे." कारकून आत सांगायला गेला, आणि महर्षी दारात येऊन उभे राहिले, पण एवढ्या लोकांसमोर ओरडणे त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते, म्हणून तेही थांबले. पस्तीस मिनिटे गेली.

ताई जिन्याने आली. गळ्यात मापाची पट्टी तशीच लटकत होती. तिने महर्षींकडे पाहिले नाही, मुंगीकडे तर नाहीच. तिने डाव्या हाताची बाही वर सारली, आणि कोपराखालचा बारीक व्रण पाचजणांच्या समोर धरला.

"पहिली ती मी," ती म्हणाली. "हिनं सांगितलं ते खरं आहे. गोळीविना माझी काय दशा झाली होती ते माझ्या दुकानात येऊन विचारा. मला नाही आठवत. ते आठवत नाही, हेच सांगायला आलेय."

गणित शिक्षकांनी आपली पिशवी मांडीवरून उचलून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांच्या शेजारच्या दोघांनी ठेवली. राहिलेल्या दोघी एकमेकींकडे पाहत होत्या, आणि महर्षी त्या दोघींकडे.

"तिघांचे पत्ते लागतील," ताई भिंतीकडे पाहून म्हणाली.

"काढते," मुंगी म्हणाली.

ताईला दम लागला होता. ती खुर्चीत टेकली. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचे यंत्र होते. मुंगीने जाऊन पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. ताईने तो हातात घेतला, उजेडाकडे धरून तळाशी काही दिसते का ते नीट पाहिले, आणि परत तिच्या हातात दिला.

"आधी तू पी," ती म्हणाली.

मुंगी प्यायली. पाणीच होते. ताई शेवटच्या घोटापर्यंत बघत होती.